हातानं भरलेली काडतुसं अडकतात तेव्हा पिस्तुलाआधी काडतूस तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ९ मि.मी.चं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आहे आणि कारखान्याच्या काडतुसांवर ते बिनतक्रार चालतं. तुम्ही स्वतः भरलेल्या काडतुसांत १२४ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं लहान माप), कोटिंग केलेली, चपट्या नाकाची शिशाची गोळी आहे. एकूण लांबी २९.२ मि.मी. ठेवली आहे, तीही एका मित्राच्या वहीतून घेतलेली. प्रत्येक मॅगझिनमागे एक-दोनदा स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) शेवटचे एक-दोन मिलिमीटर राहिले की थांबते आणि मागून तळव्यानं ठोकलं की बसते. फीड रॅम्प (काडतुसाला मॅगझिनमधून वर नेणारा उतार) पॉलिश करून घ्यावा की जास्त ताकदीची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुढे ढकलणारी) टाकावी, असं तुम्ही विचारलं आहे.

दोन्ही नको. आणि तळव्यानं ठोकणं आजपासून बंद करा. काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसण्याची जागा) जायला नकार देतंय, त्याला काहीतरी कारण आहे. ते कारण न शोधता जबरदस्तीनं आत कोंबलं, तर गोळी पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) मागे सरकू शकते किंवा रायफलिंगमध्ये (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांत) रुतून बसू शकते. दोन्हीत दाब वाढतो. जास्त ताकदीची स्प्रिंग हेच कोंबण्याचं काम तुमच्या वतीनं करेल, एवढाच फरक. रॅम्पचा तर इथे संबंधच नाही, कारण स्लाइड शेवटच्या दोन मिलिमीटरवर आली तेव्हा गोळीचं नाक रॅम्प ओलांडून केव्हाच चेंबरमध्ये शिरलेलं असतं.

पिस्तूल अडलं की हात लगेच स्लाइडकडे जातो. त्याऐवजी नळी सुरक्षित दिशेला ठेवून, बोट ट्रिगरपासून लांब घेऊन, क्षणभर नुसतं बघा. स्लाइड कुठे थांबली आहे आणि गोळीचं नाक कुठे टेकलं आहे, या दोन गोष्टींवरून दोष बहुतेक वेळा कळतो. नाक खाली जाऊन रॅम्पच्या तळाशी रुतलं असेल, तर आधी मॅगझिनवर संशय घ्यायचा. त्याची स्प्रिंग थकलेली असते, फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) घाणीनं अडखळत असतो, नाहीतर काडतूसच फार आखूड असतं. नाक वर उचलून चेंबरच्या छतावर आपटलं असेल, तर मॅगझिनच्या ओठांनी काडतूस वेळेआधी सोडलेलं असतं. काडतूस तिरकं, अर्धं आत जाऊन थांबलं असेल आणि त्याची बुडाची कड एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) आकड्याखाली नीट सरकलेली नसेल, तर आकडा फार घट्ट आहे, किंवा त्याच्याखाली पितळेचा चुरा साचला आहे, किंवा पुंगळीच्या कडेवर बर (धातूचा उठलेला खडबडीत कण) आहे. आणि स्लाइड तुमच्यासारखी अगदी शेवटी थांबत असेल, तर काडतूस चेंबरच्या मापात बसत नाही. कारखान्याची काडतुसं चालतात याचा अर्थ चेंबर ठीक आहे. उरलं ते तुमचं काडतूस.

म्हणून आता पिस्तूल रिकामं करा, दोनदा तपासा, उघडा आणि बॅरल, म्हणजे नळी, हातात घ्या. बॅरलसारखं दुसरं गेज नाही. बाजारात मिळणारं केस गेज (काडतूस घालून माप तपासायचा साचा) उपयोगी आहे, पण बहुतेक गेज पुंगळीचा घेर आणि लांबी तपासतात. रायफलिंग कुठे सुरू होतं ते त्यांना ठाऊक नसतं, आणि तुमचा प्रश्न बहुधा तिथेच आहे.

चाचणीसाठी डमी काडतुसं बनवा. त्यात प्रायमर नको आणि पावडर नको, फक्त साइझ केलेली (डायमध्ये दाबून मूळ मापावर आणलेली) पुंगळी आणि गोळी. प्रायमरची जागा मोकळी दिसते, त्यामुळे खऱ्या काडतुसात ती मिसळणार नाहीत. बॅरलचं तोंड खाली धरा आणि डमी चेंबरमध्ये सोडा. ती स्वतःच्या वजनानं आत जाऊन टक्क असा आवाज करून बसली पाहिजे. मग बोटाच्या टोकानं फिरवा, सहज फिरली पाहिजे. मग बॅरल उलटं करा, आपोआप बाहेर पडली पाहिजे. तिन्ही गोष्टी व्हायला हव्यात. फिरवण्याची पायरी बरेच जण गाळतात आणि फसतात ते तिथेच. काडतूस वरवर पूर्ण बसलेलं दिसतं, पण गोळी रायफलिंगला टेकलेली असते. ते फक्त फिरवतानाच कळतं.

चाचणीत नापास झालेली डमी घ्या. काळ्या मार्करनं गोळीपासून बुडाच्या कडेपर्यंत सगळी रंगवा आणि शाई वाळू द्या. आता चेंबरमध्ये घाला, हलका दाब द्या, अर्धा फेरा फिरवा आणि काढा. शाई जिथे खरवडली, तिथे अडतंय. ही दोन मिनिटांची चाचणी मला या सगळ्या प्रकारात सर्वांत मोलाची वाटते, कारण यात तर्काला जागाच राहत नाही. खरवडा कुठे आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

खरवडा गोळीवर, पुंगळीच्या तोंडाच्या जरा पुढे असेल आणि त्यात समान अंतरावर बारीक रेघा उमटल्या असतील, तर त्या रायफलिंगच्या आहेत. म्हणजे काडतूस लांब आहे. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय हाच. ९ मि.मी.साठी एकूण लांबीची कमाल मर्यादा २९.६९ मि.मी. आहे आणि तुमचं काडतूस त्याच्या आत आहे, हे खरं. पण ती मर्यादा काडतूस मॅगझिनमध्ये मावावं यासाठी आहे. ते तुमच्या बॅरलमध्ये बसेल की नाही, हे ती सांगत नाही. गोल नाकाची गोळी पुढे निमुळती होत जाते, म्हणून ती २९.२ वर आरामात बसते. चपट्या नाकाच्या गोळीचा खांदा रुंद असतो आणि त्याच लांबीवर तिचा पूर्ण घेराचा भाग बराच पुढे येतो. वजन दोन्हींचं १२४ ग्रेन, पण चेंबरला वजन कळत नाही, आकार कळतो. त्यात पिस्तुलापिस्तुलात फरक आहे. सीझेड कंपनीच्या पिस्तुलांचा थ्रोट (चेंबर आणि रायफलिंग यांच्यामधला भाग) आखूड असतो हे हँडलोडर्समध्ये सर्वांना माहीत आहे. त्याच काडतुसानं दुसरं एखादं पिस्तूल दिवसभर चालेल. मित्राची वही खोटी नाही, ती त्याच्या बॅरलची आणि त्याच्या गोळीची आहे.

उपाय सोपा आहे. सीटिंग डाय (प्रेसवरचा, गोळी पुंगळीत दाबून बसवणारा साचा) थोडी थोडी खाली घेत लांबी दर वेळी ०.१ मि.मी. कमी करा आणि प्रत्येक वेळी चाचणी घ्या. जिथे डमी पहिल्यांदा बसते, फिरते आणि पडते, ती तुमच्या बॅरलची कमाल लांबी. त्यातून आणखी ०.३ ते ०.४ मि.मी. कमी करा, कारण प्रत्येक काडतूस तंतोतंत सारखं निघत नाही आणि चेंबरमध्ये काजळीही साचते. अशा आकाराच्या गोळीसाठी आकडा २७ ते २८ मि.मी.च्या दरम्यान येऊन थांबला तर नवल वाटू देऊ नका.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. गोळी खोल बसली की पुंगळीतली जागा कमी होते आणि त्याच पावडरवर दाब चढतो. ९ मि.मी.ची पुंगळी लहान आहे आणि कामाचा दाब मोठा आहे. सामीची (काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (चौरस इंचावर पाउंड) आहे; .४५ एसीपी या मोठ्या पिस्तूल-काडतुसाची २१,००० आहे. मिलिमीटरभर खोल बसवलेली गोळी .४५ मध्ये जेवढा फरक पाडते, त्याहून कितीतरी जास्त ९ मि.मी.मध्ये पाडते. म्हणून लांबी कमी केल्यावर जुनं पावडरचं वजन तसंच ठेवायचं नाही. पावडर बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यात त्या गोळीचा प्रकार, वजन आणि लांबी पाहा, सुरुवातीच्या वजनावर परत या आणि तिथून टप्प्याटप्प्यानं वर चढा. मी इथे मुद्दाम एकही वजन देत नाही. ते तक्त्यातूनच घ्यायचं.

लांबीच काडतुसागणिक बदलत असेल, तर वेगळी गोष्ट आहे. शंभरातली वीस मोजा. ०.०५ मि.मी. इकडेतिकडे चालतं. त्याहून बरंच जास्त असेल तर सीटिंग स्टेम (डायमधला, गोळीच्या नाकावर दाबणारा दांडा) काढून आत पाहा. कोटिंगचा किंवा ल्यूबचा (वंगणाचा) थर तिथे गच्च बसलेला सापडतो. शिवाय गोल नाकासाठीचा स्टेम चपट्या नाकावर वापरला तर तो गोळीला मधोमध न धरता कडेला धरतो आणि गोळी तिरकी बसते. तिरक्या गोळीची खूण म्हणजे शाईचा खरवडा एकाच बाजूला दिसतो आणि दुसऱ्या बाजूला पुंगळी जराशी फुगलेली असते.

खरवडा अगदी पुंगळीच्या तोंडावर असेल, तर बेल पूर्ण मिटलेली नाही. गोळी बसवण्यासाठी आपण तोंड पसरवतो, ते क्रिम्प डायनं परत सरळ करायचं असतं. ९ मि.मी.चं काडतूस चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवर टेकतं, त्यामुळे इथे टेपर क्रिम्पच (तोंड हळूहळू आत घेणारा) लागतो आणि त्याचं काम फक्त पसरलेलं तोंड मिटवणं एवढंच आहे. गोळी धरून ठेवणं हे क्रिम्पचं काम नाही. किती मिटवायचं, याचा हिशोब घरीच करता येतो. गोळीचा व्यास अधिक पुंगळीच्या तोंडाच्या भिंतीची जाडी दोनदा. गोळी ९.०४ मि.मी. आणि भिंत ०.२८ असेल तर बेरीज ९.६० येते. तोंडाचं माप त्याच्या आसपास किंवा केसभर कमी यावं. काडतुसाच्या तोंडाची कमाल मर्यादा ९.६५ आहे, त्यापुढे गेलं की अडू शकतं.

उलट चूकही तितकीच होते. काडतूस अडतंय म्हटल्यावर लोक क्रिम्प डाय आणखी फिरवतात, मग आणखी. जादा क्रिम्पनं तोंड आत दबतं, पण त्याच्या खालची भिंत बाहेर फुगते आणि काडतूस पूर्वीपेक्षा जास्त अडतं. मऊ शिसं आत दबून राहतं, पितळ मात्र किंचित उसळून मागे येतं. पकड घट्ट होण्याऐवजी सैल पडते. खात्री करायची तर एक डमी पुलरनं (पुंगळीतून गोळी काढायचं साधन) उघडा आणि गोळी उजेडात धरा. तोंड जिथे टेकलं होतं तिथे फिकट रेघ असेल तर उत्तम. नखाला लागेल अशी खाच असेल किंवा कोटिंग कापून खालचं शिसं चमकत असेल, तर डाय मागे घ्या. कापलेलं कोटिंग नळीत शिसं माखतं, तो त्रास वेगळाच.

कोटिंगच्या गोळ्यांमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. बेल कमी पडली की गोळी बसताना पुंगळीचं तोंड कोटिंग सोलतं आणि तोंडाभोवती रंगाची बारीक कडी उरते. बऱ्याचदा ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण तेवढी जाडीही काडतूस अडवायला पुरते. बेल किंचित वाढवा, गोळी हातानं पुंगळीवर ठेवली की सरळ उभी राहील इतकी. त्याहून जास्त नको, नाहीतर पुंगळीचं तोंड लवकर तडकतं.

खरवडा पुंगळीच्या मध्यावर, गोळीचा तळ जिथे येतो तिथे असेल, तर गोळी जाड आहे किंवा पुंगळीची भिंत आत लवकर जाड होते. काही पुंगळ्यांच्या आत चक्क एक पायरी असते. तोंडातून टॉर्चनं पाहिलं की कळते. अशा पुंगळ्यांत जागा कमी असल्यामुळे दाबाचाही धोका असतो. त्या वेगळ्या काढा आणि भंगारात टाका.

खरवडा बुडाशी, कडेच्या जरा वर असेल, तर पुंगळी तळापर्यंत साइझ झालेली नाही. दुसऱ्याच्या पिस्तुलातून सुटलेल्या पुंगळ्या रेंजवरून गोळा केल्या असतील तर हे हमखास भेटतं, कारण सैल चेंबरमध्ये पुंगळी बुडाशी फुगते. साइझिंग डाय शेल होल्डरला (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणारा भाग) टेकलेली दिसते, पण आत पुंगळी असताना प्रेस किंचित ताणली जाते आणि दोघांमध्ये फट पडते. पुंगळी आत असताना, हँडल पूर्ण खाली दाबून धरून, मागे दिवा ठेवा आणि त्या फटीतून उजेड येतो का पाहा. येत असेल तर डाय थोडी खाली घ्या.

शेवटी पूर्ण काडतूस पुन्हा साइझ करणारी डाय मिळते आणि कुणी ना कुणी तुम्हाला ती घ्यायला सांगेलच. जाड गोळीवर मी ती वापरत नाही. तिच्यातली कार्बाइडची (कठीण धातूची) कडी पुंगळीसकट आतली गोळीही दाबते, पितळ परत फुलतं, शिसं फुलत नाही, आणि गोळी सैल होते. काडतूस चेंबरमध्ये सुरेख बसतं, पण मूळ दोष झाकला जातो आणि त्याच्या जागी जास्त धोकादायक दोष येतो.

त्या सैलपणाची चाचणी प्रत्येक नव्या कृतीसाठी घ्या. डमीची लांबी मोजा, मॅगझिनमध्ये भरा, स्लाइड मागे ओढून मोकळी सोडा, डमी बाहेर काढा आणि परत मोजा. ०.०५ मि.मी.पर्यंत घट चालेल. अर्धा मिलिमीटर गेली असेल तर तशी काडतुसं झाडू नका. बहुतेक वेळा एक्सपांडर (पुंगळीचं तोंड पसरवणारा दांडा) पुंगळी जास्त उघडतो, म्हणून तो तपासा. पुंगळीची भिंत पातळ असेल तर त्या जातीच्या पुंगळ्या वेगळ्या करा.

प्रायमरचंही पाहून घ्या. तो पुंगळीच्या तळाशी समपातळीत किंवा किंचित आत असला पाहिजे. बोट फिरवलं की उंच बसलेला लगेच लागतो. असा प्रायमर ब्रीचफेसवर (स्लाइडच्या, काडतुसाच्या बुडाला टेकणाऱ्या पृष्ठभागावर) घासतो, स्लाइड बंद व्हायला अडथळा करतो, आणि पहिल्या ठोक्याला न पेटता दुसऱ्याला पेटतो.

मॅगझिनांना नंबर टाका. दोन-तीन मॅगझिन असतील आणि अडकणं नेहमी एकाच नंबरावर होत असेल, तर काडतुसाचा पिच्छा सोडा आणि त्या मॅगझिनकडे वळा.

१९११ (.४५ एसीपीचं जुनं, प्रसिद्ध पिस्तूल) वाल्यांसाठी एक वेगळी नोंद, कारण या उत्तराचा उपयोग तेही करतील. ते पिस्तूल २३० ग्रेनच्या गोल नाकाच्या काडतुसावर बेतलेलं आहे. त्यात रॅम्प दोन भागांत असतो, फ्रेमचा आणि बॅरलचा, आणि दोघांमध्ये साधारण एक बत्तिसांश इंचाचा अंतराचा टप्पा हवाच असतो. उत्साहानं घासून तो टप्पा मिटवला की गोळीचं नाक बॅरलच्या ओठावर आपटायला लागतं. पॉलिश करणं वेगळं आणि कोन बदलणं वेगळं. दुसरं काम गनस्मिथचं.

आता पावडरचा भाग. तुमची लक्षणं ही नाहीत, पण हलक्या बारावर (कमी पावडरीवर) तुम्ही याल तेव्हा दिसतील. रिकाम्या पुंगळ्या लांब न उडता पायाशी पडतात, एखादी स्लाइडमध्ये उभी अडकते, शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नाही, किंवा पुढच्या काडतुसाच्या पोटाला स्लाइड घासून गेल्याची रेघ दिसते. याचा अर्थ स्लाइड पुरती मागे जात नाही. बार हलका आहे, स्प्रिंग त्याच्या मानानं जड आहे, नाहीतर मनगट सैल धरलंय. आधी तेच काडतूस दुसऱ्या अनुभवी नेमबाजाच्या हातून झाडून पाहा. तिथे चाललं तर पकड सुधारा. तिथेही नाही चाललं, तर तक्त्याच्या मर्यादेत बार वाढवा किंवा हलकी स्प्रिंग लावा. दोन्ही एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

आणि एक नियम, जो हातानं काडतुसं भरणाऱ्यानं मोडू नये. कारखान्याच्या काडतुसांवर सराव करताना मॅगझिनला चापट मारून स्लाइड ओढायची आणि पुढे झाडायचं, ही सवय लावतात. आपल्या काडतुसांवर ती धोक्याची आहे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला किंवा झटका कमी जाणवला, तर तिथेच थांबायचं. मॅगझिन काढायचं, चेंबर रिकामं करायचं, पिस्तूल उघडून नळीतून आरपार उजेड पाहायचा. पावडरविना प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकून राहते आणि तिच्यामागे दुसरी सुटली की नळी फुटते.

चेंबरमध्ये जिवंत काडतूस अडकून स्लाइड हलत नसेल, तर मॅगझिन काढा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि स्लाइड सरळ मागे ओढा. तळहात इजेक्शन पोर्टवर (पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीवर) ठेवू नका. पुढून नळीत गज घालून काडतूस ठोकायचं नाही, कितीही मोह झाला तरी. दोन प्रयत्नांत निघालं नाही तर गनस्मिथला सांगा. काडतूस बाहेर आलं, गोळी मात्र रायफलिंगमध्येच राहिली आणि पावडर यंत्रणेत सांडली, असंही होतं. ती लांब काडतुसाची आणि सैल पकडीची एकत्र खूण आहे. तेव्हा त्या तुकडीतलं पुढचं एकही काडतूस झाडायचं नाही.

तुम्ही भरून ठेवलेल्या काडतुसांचं काय, हेही सांगतो. बॅरल उघडून, पिस्तुलाबाहेर, प्रत्येक काडतूस चेंबरमध्ये सोडून पाहा. जी बसतात, फिरतात आणि पडतात ती वेगळी ठेवा. उरलेली सीटिंग डायखाली घालून आणखी खोल दाबू नका, कारण त्यातली पावडर २९.२ मि.मी.च्या हिशोबानं मोजलेली आहे. ती पुलरनं उघडा, पावडर फेकून द्या आणि नव्या लांबीवर, नव्या वजनानं पुन्हा भरा. पहिल्या खेपेला दहाच भरा, दहाही बॅरलमध्ये तपासा, आणि झाडताना मॅगझिनमध्ये दोन-दोन घाला.